परत न ठेवलेला बिल्ला

सोमवार, ६ मार्च. सकाळी ९.४०
टीम लीडने लॉक गळतीचं काम माझ्याकडे दिलं. आमच्या सॉफ्टवेअरवर पन्नास ऑफिसं एकाच सर्व्हरवरच्या फाइली वापरतात. महिनाभर मधूनच एखादी फाइल अडून बसते. वाचता येते, सेव्ह होत नाही. म्हणजे वाचताना कुणीतरी लॉक घेतंय आणि सोडत नाहीये. दुपारपर्यंत उरकेल. उरलेल्या आठवड्यात ड्रॉवर आवरणे.
शनिवारी सासूबाईंची सत्तरी, तळ्याकाठी दोन दिवस मुक्काम. गाडी मी चालवणार. लीड म्हणाला, बग राहिला तर शनिवारी ऑफिस. मी नुसता हसलो.

संध्याकाळी ६.१५
दोष नेटवर्कचा आहे. नेटवर्कवाल्यांना कडक मेल.

मंगळवार, ७ मार्च
नेटवर्क ठणठणीत आहे म्हणे. उत्तराच्या शेवटी स्मायली. खटकला.
टेस्टरबाईंचं म्हणणं, गडबड कॅशमधून वाचण्याच्या कोडमध्ये असावी. म्हणजे फाइलची प्रत जवळ असली की ती तिथूनच वाचायची, तो भाग. मी सांगितलं, तो सोडून कुठेही बघा. तो मी लिहिलाय, दोन वर्षांपूर्वी, आणि त्याबद्दल कंपनीने मला कप दिलाय. कप त्यांना दिसेल असा वळवून ठेवला.

बुधवार, ८ मार्च. जेवणानंतर
सासूबाई आल्या. आल्या आल्या माझ्या कामाची चौकशी. या घरात मला हुशार म्हणणारं हे एकच माणूस. ते मत काहीही करून टिकवायचं आहे.
त्यांनी तीस वर्षं ग्रंथालय चालवलं, म्हणून त्यांच्या भाषेत सांगितलं. वाचनकक्षात शिरताना वाचक दारातला पितळी बिल्ला घेतो, निघताना परत ठेवतो. सगळे बिल्ले परत आले, तरच कपाटं लावणारा आत जातो. आता कुणीतरी बिल्ला खिशात घालून घरी गेलंय आणि कपाटवाला बाहेर ताटकळतोय.
त्यांनी विचारलं, पुस्तकाची आवृत्ती जुनी निघाली म्हणून जो आल्या पावली परत फिरतो, तो बिल्ला ठेवून जातो का? त्यांच्याकडे नेमके तेच वाचक विसरायचे म्हणे.
मी म्हटलं, आई, सॉफ्टवेअरमध्ये इतकं सोपं नसतं. अगदी प्रेमाने म्हटलं. बायकोने भांडी जरा जोरात ठेवली.

गुरुवार, ९ मार्च
जबरदस्त कल्पना! पहारेकरी प्रोग्रॅम. दर पाच मिनिटांनी अडकलेले लॉक शोधून सोडवतो. चारशे ओळी, एका बैठकीत.

दुपारी ४.००
पहारेकऱ्याने अजून वाचत असलेल्यांचेही लॉक सोडवले, वाचता वाचता फाइल बदलली. चाचणीतलं एक पत्र वर नवं, खाली जुनं आलं. एकाच माणसाचं आधी अभिनंदन, मग बडतर्फी. टेस्टरबाईंनी ते छापून भिंतीला लावलं.

शुक्रवार, १० मार्च
पहारेकरी काढला. ड्रॉवर आवरला. आठवडा अगदीच वाया गेला असं नाही.
बायकोला सांगितलं, उद्या तुम्ही दोघी पुढे व्हा, मी संध्याकाळच्या बसने येतो. ती फक्त बरं म्हणाली. सासूबाईंनी माझ्या डब्याचं विचारलं. वाईट वाटलं, खरंच.

शनिवार, ११ मार्च. सकाळी ८.३०
सवयीने गाडीत जाऊन बसलो. मग आठवलं, गाडी आज त्यांना हवी. लगेच उतरलो, दार लावलं, बसने ऑफिसला आलो. घरच्यांचा इतका विचार करणारे नवरे कमी. एकाग्रतेसाठी फोन सायलेंट.

दुपारी १२.१०
चाचणीसाठी आलेल्या टेस्टरबाईंच्या टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजला. सासूबाई. बाईंनी स्पीकर लावला. दोघी सकाळपासून बॅगा भरून हॉलमध्ये बसल्यात. गाडीची किल्ली सापडत नाही. दुसरी मी गेल्या महिन्यात हरवली. बायकोने मला सतरा फोन केले.
मी सकाळचं सगळं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, गाडीत बसून लगेच माघारी फिरलात, तेव्हा किल्ली जागेवर ठेवलीत का?
हात खिशात गेला. किल्ली.
मग मी माझा तो कॅशचा कोड उघडला. प्रत जुनी निघाली की फंक्शन तिथूनच माघारी फिरतं. लॉक घेतलेला, सोडलेला नाही. वर माझीच टीप: इथे काही बिघडूच शकत नाही.
एक ओळ घातली. बाईंनी हजार वेळा चालवून बघितलं. एकही फाइल अडली नाही.

दुपारी १.३०
बग बंद करायच्या फॉर्ममध्ये एक रकाना भरावाच लागतो: दोष कोणी शोधला. मी लिहिलं, मी. टेस्टरबाईंनी ते खोडून सासूबाई असं लिहिलं. लीड सोमवारी मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे.

दुपारी ४.००
किल्ली घेऊन घरी पोचलो, तर सासूबाई म्हणाल्या, तुम्ही इतकं नीट समजावून सांगितलंत म्हणून तर मला सुचलं, हुशार आहात. मनापासून म्हणाल्या. मला मान वर करवेना.
बायकोने हात पुढे केला. किल्ली तिला दिली. गाडी ती चालवतेय, सासूबाई पुढे बसल्यात. मी मागे, केकचा डबा मांडीवर ठेवून लिहितोय.