सत्तावन्न गुणांचं पत्र

प्रिय बाबा,

हे पत्र घरी न येता कारखान्याच्या गेटवर आलं म्हणून दचकू नका. घरी आलेलं पाकीट आई आधी फोडते आणि मग ते कुणाचं आहे ते बघते. फोन केला तर तो स्पीकरवर ठेवून सगळ्यांनी मिळून बोलायचा असतो. मला फक्त तुमच्याशी बोलायचं आहे. एक विनंती आधीच करते, पेन्शनचा फॉर्म अजून दिला नसेल तर हे पत्र वाचून संपेपर्यंत देऊ नका. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. परवा तुम्ही म्हणालात, पहिल्या चौकोनावर खूण करून मोकळा होतो, त्यात दरमहा जास्त मिळतात, तुझ्या परीक्षेची फी तरी सुटेल. त्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी माझं रडगाणं ऐका, कारण ते या फॉर्मपाशीच येऊन थांबतं.

निकाल लागला. नापास. साठ हवे होते, सत्तावन्न मिळाले. मागच्या वेळी अठ्ठावन्न होते. म्हणजे सहा महिने रोज पहाटे उठून अभ्यास केला आणि एक गुण घालवला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तीनच कमी पडले ना, मग भेटून सांगायचं त्यांना, देऊन टाका म्हणावं. तिला वाटतं परीक्षक कुठेतरी खिडकीत बसलेले असतात. मला ते कोण आहेत, कुठे आहेत, चष्मा लावतात की नाही, काहीच माहीत नाही. एक क्रमांक एवढीच त्यांना माझी ओळख, आणि मला त्यांची तेवढीही नाही.

तुम्ही न्हावीकाकांना सांगता की आमची मोठी लेक माणसं किती जगतात त्याचा हिशेब करते, आणि ते लगेच तळहात पुढे करतात. त्यांना पुन्हा एकदा सांगा की मी एका माणसाचं सांगू शकत नाही, हजारांचं सांगते. त्या हजारांच्या हिशेबाचे सगळे पेपर मी पहिल्या फटक्यात सोडवले. आपटले कुठे, तर पत्र लिहिण्याच्या पेपरात. नाव मोठं आहे, व्यावसायिक संवाद. काम इतकंच की अवघड हिशेब साध्या माणसाला समजेल असा लिहून दाखवायचा. मला वाटलं, हा तर माझ्या हातचा मळ. दहावीपासून घरी आलेला प्रत्येक सरकारी कागद, प्रत्येक नोटीस मीच तुम्हा दोघांना वाचून, फोडून सांगत आले. अख्ख्या परीक्षा मंडळात एवढा सराव कुणाला असेल?

प्रश्न ऐका. सभासद, वय एकोणसाठ, कारखान्यात कामगार, गणिताचं विशेष ज्ञान नाही. निवृत्तीच्या वेळी त्याला दोन पर्याय आहेत. पहिल्यात पेन्शन जास्त, पण ती त्याच्यापुरती. दुसऱ्यात थोडी कमी, पण त्याच्यानंतर त्याच्या बायकोला तहहयात निम्मी. एकदा निवडलं की बदलता येत नाही. त्याला पाचशे शब्दांत पत्र लिहा. बाबा, मी प्रश्न वाचला आणि समोर तुम्हीच बसलेले दिसलात, चष्मा कपाळावर चढवून, आता हे काय नवीन म्हणत. मग मी तुम्हालाच लिहिलं. बदलता येत नाही हे सांगताना लिहिलं की लेथवर एकदा जास्त कट घेतला की तो जॉब भंगारात, कापलेलं लोखंड परत चिकटत नाही, म्हणून खूण करण्याआधी दोनदा मोजा. लिहिताना मला इतकं बरं वाटत होतं की पेपर संपल्याची घंटा झाली तेव्हा मी हसत होते. शेजारच्या मुलीने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

त्या हसण्याची किंमत आता कळली. नापास झालेल्यांना वेगळी फी भरून अभिप्रायाचं एक पान मिळतं. ते मी मागवलं. उत्तरपत्रिका दोन परीक्षक तपासतात, एकमेकांचं न बघता. त्या लेथच्या वाक्यासमोर पहिल्याने लिहिलंय, वाचकाच्या अनुभवाचा उत्तम उपयोग. दुसऱ्याने लिहिलंय, उदाहरण विषयबाह्य, सूर घरगुती. वाक्य तेच, बाबा. एकाने पाठ थोपटली, दुसऱ्याने कान पिळला, आणि मंडळाने दोघांची सरासरी काढून मला अर्धवट थोपटून अर्धवट पिळलं. अवघड शब्द टाळा असं सूचनांमध्ये ठळक छापलंय, आणि गुण कुठे गेले तर 'संयुक्त हयात निवृत्तिवेतन' हा शब्द वापरला नाही म्हणून. मी त्याऐवजी लिहिलं होतं, तुमच्या दोघांची पेन्शन. हे पान मी इतक्यांदा वाचलंय की आता ते घडीवर फाटायला आलंय.

दाद मागायची म्हटलं तर पत्रिका परत तपासत नाहीत, फक्त बेरीज परत करतात. विमागणिताच्या मंडळाला बेरीज चुकली असेल का, हे विचारायला मी पैसे भरू? ऑफिसमध्ये माझे वरिष्ठ आहेत, त्यांना सगळे पाठीमागे दशांश म्हणतात, कारण ते जेवायला किती वाजता जायचं हेसुद्धा दशांशात सांगतील. ते या पेपरात एकाहत्तर गुणांनी पास झालेत. त्यांनी लिहिलेलं पत्र पेन्शनधारकांना गेलं की आमच्या फोनवाल्या ताई दुसऱ्या दिवशी डबा दुपारी चारला उघडतात. मागच्या महिन्यात त्या मला म्हणाल्या, अगं, तुझ्या साहेबांच्या पत्राचं भाषांतर करायला मला वेगळा पगार द्या म्हणावं. तेच साहेब काल माझं पान वाचून म्हणाले, तू पत्र छान लिहितेस, फक्त परीक्षेत लिहू नकोस. आणि मग समजुतीच्या आवाजात, तपासणाऱ्याच्या हातात यादी असते, यादीतला मुद्दा दिसला की टिक, नाही दिसला की पुढे, तू यादीला लिही, माणसाला कशाला लिहितेस. मी पान परत घेतलं आणि जागेवर जाऊन बसले. बोलले असते तर नोकरी गेली असती. तुम्ही नेहमी म्हणता की मी तत्त्व घेऊन दरवाजावर डोकं आपटते, आणि दरवाजा बाहेर उघडतो हे मला नंतर कळतं.

पण दोन ठिकाणचे गुण गेले त्यावर मी आठवडाभर विचार केला. एका ठिकाणी तीन गेले. मी पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, माझं ऐकाल तर दुसरा पर्याय घ्या. त्यावर शेरा आहे, सल्ला देण्याचा अधिकार नाही. नियम असा की आम्ही दोन्ही बाजू नीट मांडायच्या आणि बाजूला व्हायचं, कारण त्या माणसाच्या घरात काय आहे ते आम्हाला माहीत नसतं. कदाचित त्याच्या बायकोची स्वतःची पेन्शन असेल. कदाचित ती त्याच्याआधी जाणार असेल. चिडले होते, तरी हा नियम मला पटला. अनोळखी माणसाच्या वतीने मी कोण ठरवणार? आणि तेवढे तीन मिळाले असते तर मी आज पास होते, हेही खरं.

दुसऱ्या ठिकाणी दोन गेले, आणि तिथे दोन्ही परीक्षकांचं पहिल्यांदाच एकमत झालं. पूर्ण पत्रात 'मृत्यू' हा शब्द एकदाही नाही, असं दोघांनी लिहिलंय. मी लिहिलं होतं, तुमच्या पश्चात, पुढे कधी, काळाच्या ओघात. पहिल्या पर्यायात सभासद मेल्यावर बायकोला काहीही मिळत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं नाही, वाचकाचा गैरसमज होऊ शकतो. हे गुण बरोबर कापले. समोर तुम्ही दिसत होतात ना, मग तो शब्द पेनातून उतरेना. प्रश्नाखाली एक तळटीपही होती, सभासदाची प्रकृती उत्तम आहे असं गृहीत धरा. ती मी आता, निकालानंतर, दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा पुढचं वाचवेना.

आता ते सांगते ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. गेल्या महिन्यात घरी आले तेव्हा खिडकीचा स्क्रू आवळायला मी तुमच्या हत्यारांच्या पेटीतून पेचकस काढला. त्याखाली छातीच्या डॉक्टरांचा रिपोर्ट होता, चार घड्या घातलेला. मी वाचला. तुम्ही आईला जो न जाणारा खोकला सांगता, तो काय आहे ते मला कळलं. तुम्ही पहिल्या चौकोनावर का अडून बसलात तेही कळलं. फी हे निमित्त आहे. दुसऱ्या पर्यायाला आईची सही लागते, आणि सही मागितली की ती विचारणार, आजच हे कुठून सुचलं, मग तुमच्या तोंडाकडे बघणार. फीचं माझं मी बघेन, पगार आहे मला. बाबा, पहिल्या चौकोनात तुमचा मृत्यू झाल्यावर आईला काहीही मिळणार नाही. तिची दुसरी कसलीही कमाई नाही आणि ती अजून वीस-पंचवीस वर्षं तरी जगेल. दुसऱ्या चौकोनावर खूण करा. हा सल्ला आहे, आणि तो द्यायचा मला अधिकार आहे, कारण या घरात काय आहे ते मला माहीत आहे. आईला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, ते तुम्ही सांगायचं. अगदीच जमलं नाही तर मोठीने हट्ट धरला म्हणा, माझ्या हट्टाचं तिला नवल वाटणार नाही. पण शक्यतो खरं सांगा. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतेय, रजा टाकली आहे. सही घेताना मी तिथे असेन, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे आपण तिघं जाऊ.

तुम्हाला न विचारता तुमची पेटी उघडणारी,
तुमचीच,
मोठी