नऊ शुक्रवार आणि एक धाकटा

३ जानेवारी, बुधवार. सकाळी ११.
समोरचे घड्याळजी गेले. काल संध्याकाळी दुकानातल्या सगळ्या घड्याळांना चावी दिली, खुर्चीत टेकले आणि संपलं. वय सहासष्ट, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सकाळी डोकावून आलो. भिंतीवर सगळी घड्याळं टिकटिकताहेत. माणूस तेवढा बंद.
मनाला लागलं. आपलाही काही नेम नाही. कॅथलिक माणसाने बोलावणं येईल तेव्हा तयार पाहिजे. गिऱ्हाइकाला सांगतो तसं "बाही राहिलीय, उद्या या" हे तिथे चालायचं नाही.

रात्री जेवणानंतर.
उपाय सापडला. नऊ पहिले शुक्रवार. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साची उपासना आणि कम्युनियनची पवित्र भाकर, सलग नऊ महिने, खाडा नाही. तसं करणाऱ्याला देवाच्या कृपेवाचून मरण येत नाही, असं आई सांगायची. येशूच्या पवित्र हृदयाने तसा शब्दच दिलेला आहे. परवाच शुक्रवार. सप्टेंबरला काम फत्ते. मग यावं कधीही.
हिला सांगितलं. ही म्हणाली, चांगलं आहे, पण आधी भाऊजींशी बोला. मी विषय बदलला.

४ जानेवारी, गुरुवार.
कन्फेशनला गेलो. आत्मा स्वच्छ असल्याशिवाय कम्युनियन घेण्यात अर्थ नाही. पापं नीट रचून नेली होती. दोन खोटी आश्वासनं (गिऱ्हाइकांना), एकदा राग, मग हळूच "घरात थोडा अबोला", आणि लगेच मिस्सात डुलकी. नवे फादर वयाने लहान, पण कान तिखट. थोडा म्हणजे किती, म्हणाले. चार वर्षं, म्हणालो. कोणाशी? धाकट्या भावाशी. राहतो कुठे? दुकानात माझ्या समोरच्या टेबलावर बसतो.
जाळीपलीकडे खुर्ची करकरली.
प्रायश्चित्त दिलं: भावाशी बोला.
तारीख दिलेली नाही. नोंद करून ठेवतो.

५ जानेवारी, शुक्रवार. पहिला.
साडेसहाची मिस्सा. थंडी मरणाची, तरी गेलो. कम्युनियन घेतलं. हलकं वाटलं. एकच अडचण. धाकटाही आला होता. मी उजवीकडच्या बाकांवर, तो डावीकडे. फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. लोक हात मिळवू लागले. मला नेमकं तेव्हा नाक शिंकरायचं होतं.

९ जानेवारी, मंगळवार.
अबोल्याचं कारण एकदा लिहूनच ठेवतो, म्हणजे माझी बाजू कागदावर राहील. दुकान दोघांचं. मी बेततो, तो शिवतो. बेतणं म्हणजे कापडावर खडूने आखून कात्री चालवणं, हे थोरल्याचंच काम. चार वर्षांपूर्वी हेडमास्तरांच्या कोटाचं कापड टेबलावर, हेडमास्तर समोर उभे, आणि हा म्हणतो, दादा, कात्री मला दे, तुझा हात थरथरतोय. गिऱ्हाइकासमोर! त्या दिवशी थंडी होती, एवढंच.
तेव्हापासून बोलणं नाही. काम मात्र अडत नाही. निरोप मी कापडावर खडूने लिहितो: "कॉलर रुंद". तो खाली लिहितो: "बरं".
आता हे बोलण्यात धरलं, तर प्रायश्चित्त रोज पाच-सहा वेळा होतंय.

२ फेब्रुवारी, शुक्रवार. दुसरा.
शांतीच्या वेळी डोळे मिटून खोल प्रार्थनेत राहिलो. जाहिरातवाल्या आजी माझा खांदा हलवत होत्या. (प्रत्येक मयतीची खबर गावभर यांच्याकडूनच जाते, म्हणून हे नाव.) डोळे उघडले नाहीत. मिस्सा संपल्यावर त्यांनी हिला विचारलं म्हणे, यांची तब्येत बरी आहे ना. आवाजात आशा होती.

१ मार्च, शुक्रवार. तिसरा.
प्रार्थनेचं पुस्तक उघडून पान शोधत राहिलो. सापडेपर्यंत शांती आटोपली. तीन झाले. एक तृतीयांश मोक्ष.

१४ मार्च, गुरुवार.
गंमत. धाकट्याच्या टेबलाखाली माझ्याच बेताचे कापडाचे तुकडे सापडले. माझ्या रेघेशेजारी त्याच्या खडूची दुसरी रेघ, बोटभर आत. प्रत्येक तुकड्यावर. म्हणजे हा लपून माझ्यासारखं बेतायला शिकतोय. या वयात. वाईट वाटलं बिचाऱ्याचं. अजून बोटभर चुकतोय.

५ एप्रिल, शुक्रवार. चौथा.
काल कन्फेशनला फादरांनी विचारलं, बोललात का. मी खडूचं सांगितलं. फादर म्हणाले, तोंडाने. मी म्हणालो, आधी त्याने माफी मागावी, मग मी मोठ्या मनाने क्षमा करीन, मन तयारच आहे. फादर म्हणाले, मन तयार आहे तर जीभ कुणाची वाट बघतेय? तरुण पिढीला घाई फार.
शांतीच्या वेळी खांबामागे बसलो होतो.

३ मे, शुक्रवार. पाचवा.
खांब चालू.

२० मे, सोमवार.
हेडमास्तर नवा कोट घालून मुद्दाम दाखवायला आले. असा खांदा शहरात कुणाला बसवता येत नाही, म्हणाले. मी नम्रपणे हसलो. धाकटा खाली मान घालून काज करत होता. एका शब्दाने "दादाने बेतलाय" म्हणाला नाही. याचीही नोंद.
टेबलावरचा पंखा जोरात आहे. त्याने हात हलतो. बंद करायला लावला.

७ जून, शुक्रवार. सहावा.
आज बातमी कळली ती हिच्याकडून. धाकटाही नऊ शुक्रवार करतोय. जानेवारीपासूनच! घड्याळजी त्याच्या जवळचे. म्हणजे त्याचाही सहावा. माझी कल्पना उचलली म्हणावं, तर मी त्याला सांगितली नव्हती. मी हिला म्हणालो, भावाशी चार वर्षं अबोला ठेवून याला कम्युनियन घेववतं कसं? ही माझ्याकडे बघत राहिली. मग दूध उतू गेलं, बरं झालं.

५ जुलै, शुक्रवार. सातवा.
एक भयंकर विचार आला. आम्ही दोघंही नऊ पूर्ण केले, तर दोघंही वर एकाच ठिकाणी. आणि तिथे खडू नसणार.

२ ऑगस्ट, शुक्रवार. आठवा.
काल कन्फेशनला फादर विशेष बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "मास्तर, घड्याळजींना कुणाशी काही बोलायचं राहिलं असेल का हो?" असले प्रश्न कन्फेशनमध्ये विचारू नयेत. प्रायश्चित्त तेच.
ठराव: सप्टेंबरचा नववा झाला की दुसऱ्या दिवशी, शनिवारी, धाकट्याशी स्वतःहून बोलायचं. कृपा पदरात पडल्यावर क्षमा सोपी जाते.

६ सप्टेंबर, शुक्रवार. नववा. दुपारी ३. पडूनच लिहितोय.
सगळं जसं झालं तसं लिहितो.
रस्ता खणलेला, त्यामुळे मिस्साला पाचसहाच माणसं. फादर म्हणाले, सगळे पुढच्या बाकावर या. मी एका टोकाला बसलो. मग धाकटा आला. मध्ये जाहिरातवाल्या आजी बसतील असा माझा हिशोब. त्या गुडघे दुखतात म्हणून मागेच राहिल्या. आमच्यात रिकामं बाक, हातभर.
शांतीची वेळ आली. खांब नाही, नाक कोरडं. मी पुस्तक हातातून सोडलं आणि उचलायला वाकलो. ठरवलं होतं, सावकाश उचलू.
वाकलो तो वाकलोच. कमरेत वीज चमकली. खालीही जाता येईना, वरही. कपाळ समोरच्या कठड्याला टेकलेलं, नजर स्वतःच्या बुटांवर. फादर थांबले. सगळं चर्च थांबलं. आजी मागून म्हणाल्या, गेले वाटतं.
मग शेजारी त्याचे बूट दिसले. त्याने माझ्या काखेत हात घातला आणि म्हणाला, "दादा, माझ्यावर भार टाक."
मी म्हणालो, "हळू, गाढवा."
चार वर्षं आठ महिन्यांतला पहिला शब्द.
त्याने मला अर्धा उचलून, अर्धा ओढत बाहेर नेलं. मी वाटेत ओरडलो, अरे कम्युनियन राहिलं, नववा आहे. तो म्हणाला, माझाही. आणि थांबला नाही. फुलवाल्याच्या टेम्पोत मला हारांवर आडवा घातला आणि डॉक्टरांकडे नेलं. मांडीवर माझं डोकं. पूर्ण रस्ता मी त्याला खड्डे चुकवायला सांगत होतो, टेम्पो चालवणारा दुसराच असताना.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे कात्री नाही.
दोघांचेही नऊ गेले. आता परत एकपासून.

९ सप्टेंबर, सोमवार.
फादर भेटायला आले. मी मुद्द्याचं विचारलं: तो चर्चमधला शब्द बोलण्यात धरायचा का. फादर म्हणाले, प्रेमाने म्हणालात? मी म्हणालो, कळवळून. मग धरू, म्हणाले. नवव्या शुक्रवाराचं काही जमेल का तेही विचारलं. म्हणाले, ऑक्टोबरला भेटू. या बाबतीत फार कडक.

१४ सप्टेंबर, शनिवार.
धाकटा डॉक्टरांचा कोट दाखवायला घरी घेऊन आला. त्यानेच बेतलेला. चूक काढायची म्हणून उलटासुलटा केला. खांदा बघितला, कॉलर बघितली, अस्तर ओढून बघितलं. चूक नाही. हेडमास्तरांच्या कोटाचाच खांदा, हुबेहूब.
मी विचारलं, हे असं कधीपासून जमतंय तुला? तो हिच्याकडे बघू लागला. ही म्हणाली, सांगा भाऊजी, आता ते उठून मारू शकत नाहीत.
तो म्हणाला, "मोठा बेतायचास म्हणून कापड वाचलं, दादा. लहान बेतला असतास तर मला काही करता आलं नसतं."
मला टेबलाखालच्या तुकड्यांवरच्या त्या बोटभर आतल्या रेघा आठवल्या. मग मी चहा मागितला, दोन कप.

२९ सप्टेंबर, रविवार.
काठी घेऊन चालतो. येत्या शुक्रवारी, ४ तारखेला, पहिला. मोजलं तर नववा जूनमध्ये पडतो. त्याआधी बोलावणं आलं तर? खात्री काहीच नाही. पण आज तरी असं कुणी नाही की ज्याच्याशी मी बोलत नाही. एवढ्यावर देवाने चालवून घ्यावं.
धाकटा न्यायला येणार आहे. कुठल्या बाकावर बसायचं यावरून संध्याकाळी आमचं जोरदार वाजलं. तो म्हणे पुढे, मी म्हणे खांबाजवळ, हवा बरी लागते. आवाज इतका चढला की जाहिरातवाल्या आजी रस्त्यावर थांबल्या. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता मरा दोघंही सुखाने."