वाकळीचा चौथा कोपरा

आई, परवा मी तुझ्या नावावर एक खोटं बोलले. ते इतकं गोड निघालं की आता मागं घेता येईना. झालं असं, की लेक बाळंतपणाला माझ्याकडं आलेली आहे. दिवाळीच्या तोंडावर तिला मुलगी झाली, म्हणजे तुला पणती झाली. यंदा आपल्याकडं थंडी बरी पडलीय, सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. बाळाला पांघरायला काही मऊ, जुनं सापडतं का म्हणून लेकीनं माझी परवानगी न घेता तुझी पेटी उघडली. माझ्यासारखीच आहे ती, विचारायचं काम नाही. डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट तिनं तुझी वाकळ बाहेर काढली, पलंगावर पसरली आणि म्हणाली, "आई, किती सुंदर आहे गं ही! आणि हा एक कोपरा उसवलाय का?" मी डिंकाचे लाडू वळत होते. म्हटलं, "उसवला नाही, शिवलाच नाही." "का?" आता खरं सांगायचं तर एकतीस वर्षं मागं जावं लागलं असतं. तोंडातून निघून गेलं, "आजीनं मुद्दाम उघडा ठेवला होता. म्हणाली होती, पहिल्या पणतीच्या हातनं घास भरू." लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं लगेच नवऱ्याला फोन लावला, मैत्रिणींना फोटो पाठवले. मी लाडू वळत राहिले.

खरं काय ते तुला ठाऊक आहे आणि मला. म्हणून तुलाच लिहायला बसले.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्या मला हिवाळ्यातल्याच जास्त आठवतात. दसरा झाला की तू दुपारची कामं आटपून पुढच्या खोलीत सतरंजी अंथरायचीस आणि तिच्यावर जुन्या कपड्यांचे थर लावायचीस. दादा कापडाच्या दुकानात होते, बायकोसाठी मनात आणलं असतं तर कोऱ्या कापडाचे तुकडे ढिगानं आले असते. पण तुला ते चालायचे नाहीत. "कोऱ्या कापडाला ऊब नसती," म्हणायचीस. "अंगावर झिजलेलं पायजे." तू पिशोर गावची, तुझ्या आईनं तुला शिकवलेलं तसंच तू करायचीस: काठाकडनं धावदोरा घालत घालत आत यायचं, आणि चौथ्या कोपऱ्याला वीतभर तोंड उघडं ठेवायचं. ज्याच्या अंगावर ती वाकळ पडायची, त्यानं स्वतःच्या हातानं त्या तोंडात घास घालायचा, हळदकुंकवासकट, चिंधीत बांधून. मगच कोपरा शिवायचा. वाकळीला उपाशी ठेवलं तर ती ऊब देत नाही, असं तुझं म्हणणं. तुझी आई पुरणपोळीचा तुकडा घालायची. तू मात्र नानखटाई. "पोळीला बुरशी येती गं, नानखटाई कोरडी राहती." केवढी व्यवहारी होतीस तू!

आणि ती नानखटाई! हिवाळ्यात रविवारी सकाळी आपण मैदा, रवा, तूप, साखर घेऊन कोपऱ्यावरच्या भट्टीत जायचो. अर्ध्या गल्लीचे डबे तिथं रांगेत असायचे. भट्टीवाले चाचा परातीत तूप फेटून द्यायचे आणि आपण तिथंच ओट्यावर बसून गोळे वळायचो, पत्र्यावर मांडायचो. सगळ्यांचे पत्रे एकाच भट्टीत जाणार, मग आपली नानखटाई ओळखायची कशी? कुणी बोट दाबायचं, कुणी चारोळी लावायचं. तू कनवटीतून शिवणाचं अंगुस्तान काढायचीस आणि प्रत्येक गोळ्यावर एकदा टेकवायचीस. बारीक बारीक टिपक्यांचा गोल उठायचा. पत्रा आत गेला की तू भट्टीच्या तोंडाशी उभीच. चाचा वैतागायचे, "बाई, जलनेवाली नै जी, तुम बैठो तो सही!" तू काही हलायची नाहीस. मला लाज वाटायची तुझी. मला त्या वयात तुझ्या सगळ्याचीच लाज वाटायची, ते आधीच कबूल करून टाकते.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी तू माझी वाकळ घातलीस. मला सतरंजीवर आडवं झोपवून माप घेतलंस, डोक्यावर चार बोटं, पायाखाली वीत. मी कुरकुरले, "वाकळीला कुणी माप घेतं का?" तू म्हणालीस, "थंडीत पाय उघडा पडला की माणूस रातभर जागं राहतंय. गप पड." तिच्यात तुझ्या आईचं हिरवं लुगडं होतं, दादांचं धोतर, माझा निळा शाळेचा स्कर्ट, आणि मला आवडायचा तो पिवळा फुलाफुलांचा फ्रॉक. तीन महिने तू शिवत होतीस. बोटांच्या टोकांना भोकं पडली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी रुखवत मांडायला घेतलं. मी स्वतः थर्माकोलचं वेरूळचं कैलास लेणं केलं होतं, हत्तींसकट. शेजारच्या मावशीनं मण्यांचे राघू दिले होते, लोकरीची तोरणं होती. आणि तू मधोमध ती वाकळ घडी करून ठेवलीस, तिच्यावर नानखटाईचा डबा. मी पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. सासरची माणसं नाशकाची, शिकलेली. सगळ्या मावश्या, आत्या, शेजारणी बघत होत्या, त्यांच्या देखत मी ओरडले, "हे चिंध्यांचं गाठोडं रुखवतात मांडणार का तू? माझी अब्रू काढायचीय का?" अगदी हेच शब्द. एकही शब्द विसरले नाही मी. तू वाकळ उचललीस, पदरानं तिच्यावर नसलेली धूळ झटकलीस आणि म्हणालीस, "बरं. ऱ्हाऊ दे."

थोड्या वेळानं तू माझ्याजवळ आलीस. हातात नानखटाईचा तुकडा होता. हळूच म्हणालीस, "नेऊ नको. पण घास तेवढा घाल, म्हंजी मी कोपरा शिवून ठिवते." आणि मी दोन्ही हात तुझ्यासमोर धरले. "दिसत नाही का, मेंदी ओली आहे." मेंदी वाळलेली होती, आई. तुलाही दिसत होतं ते. तू मान डोलावलीस आणि गेलीस. माझं कैलास लेणं टेंपोत बसेपर्यंतच मोडलं, हत्तींचे पाय गेले. नानखटाई मात्र सासरच्यांनी डबा पुसून खाल्ली, सासूबाईंनी कृती विचारली. मी तुला हे कधीच सांगितलं नाही. का सांगितलं नाही? कारण माझा तोरा उतरला असता.

त्यानंतर वर्षातनं एकदा, थंडी सुरू झाली की तू आठवण करून द्यायचीस. "तुझा कोपरा उघडा हाय गं." मी म्हणायचे, "पुढच्या वेळी." आमची बदली इकडं झाली, सिडकोत घर झालं, तुझ्यापासनं रिक्षानं वीस मिनिटं, तरी पुढची वेळ काही येईना. शाळा, पेपर तपासणं, लेकीचे क्लास. पाच-सहा वर्षांनी तू विचारायचं सोडलंस. मला वाटलं, विसरलीस. बरं वाटलं.

शेवटच्या वेळी आले तेव्हा दादा जाऊन चार वर्षं झाली होती आणि तुझ्या डोळ्यांवर पडदा आला होता. पौषातली सकाळ होती. मला बाराची शाळा. तू बशीत दोन नानखटाया ठेवल्यास, टिपक्यांच्या. मी म्हटलं, "पित्त झालंय, नको." मग तू सुई-दोरा पुढं केलास. "एवढा दोरा ओवून दे गं. मला भोक दिसत नाय." मी घड्याळाकडं बघत दोरा ओवला, टोकाला माझ्या सवयीची दुहेरी गाठ मारली. तू नेहमी रागवायचीस त्या गाठीवरनं, कापडात अडकते म्हणून. त्या दिवशी रागावली नाहीस. म्हणालीस, "बस की जरा." मी म्हटलं, "कुठलं बटण तुटलंय? पुढच्या वेळी मी लावून देते." आणि चप्पल घातली. आठ दिवसांनी शेजारच्या मावशीचा फोन आला.

तेराव्यानंतर पेटी उघडली. वाकळ सगळ्यात वर होती. चौथ्या कोपऱ्यात सुई टोचून ठेवलेली, तिच्यात पांढरा दोरा, दोऱ्याच्या टोकाला माझी दुहेरी गाठ. बाजूला अंगुस्तान आणि चिंधीत बांधलेला नानखटाईचा भुगा. तू सगळं मांडून बसली होतीस गं. मी फक्त हात पुढं करायचा होता. तू तोंडानं म्हणाली नाहीस, कारण मी बारा वर्षं नाही म्हणत आले होते. मी तिथंच जमिनीवर बसले आणि अशी रडले, की तू गेल्याच्या दिवशीसुद्धा तशी रडले नव्हते. मग पेटी बंद केली. एकोणीस वर्षं ती माझ्या कपाटावर आहे. गोळ्या बदलायला दरसाल उघडते, वाकळीला हात लावत नाही.

आता तर लेकीनं ठरवूनच टाकलं, घास भरायचा. मग काल मी मैदा-तुपाचा डबा घेऊन आपल्या जुन्या गल्लीत गेले. भट्टी अजून आहे. चाचा गेले, त्यांचा मुलगा बघतो, त्याचीच दाढी आता पांढरी झालीय. मी गोळे वळले आणि पर्समधनं तुझं अंगुस्तान काढलं. माझ्या बोटात ते जात नाही, तुझी बोटं किती बारीक होती! नुसतं चिमटीत धरून टेकवलं. तो बघतच राहिला. म्हणाला, "ये टिपके तो मेरेकु याद है. अब्बा बोलते थे, टिपकेवाला पत्रा पैले निकालो, वो बाई खडे-खडे जान खाती." मी हसले आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. त्यानं स्टूल पुढं केलं. मी बसले नाही. भट्टीच्या तोंडाशी उभी राहिले, पत्रा बाहेर येईपर्यंत.

आज सकाळी कोवळ्या उन्हात गॅलरीत वाकळ पसरली. परवा लेक फोनवर होती तेव्हा सुई मी हळूच काढून घेतली होती, तिच्या जागी गंजाचा डाग पडलाय. लेकीनं विचारलं तेव्हा म्हटलं, चहा सांडला असेल. एक खोटं पचलं की दुसरं सोपं जातं बघ. बाळाच्या मुठीत चिंधीतला तुकडा दिला, मूठ धरून कोपऱ्यात घातली. बाळ जोरात शिंकलं, जावई फोनवरनं बघत होता, तोही हसला. लेक म्हणाली, "आजीला किती पुढचं दिसत होतं ना, आई!" तुला, जिला सुईचं भोक दिसत नव्हतं.

आता दुपार आहे. लेक आणि बाळ आतल्या खोलीत झोपलीत, उद्या सकाळी जावई गाडी घेऊन येईल आणि ती पुण्याला जातील. वाकळ घडी करून तिच्या बॅगेवर ठेवलीय. मगाशी लेक आंघोळीला गेली तेव्हा मी दार लोटलं आणि एकदाच ती अंगावर घेतली. आई, अजून बरोबर माझंच माप आहे. डोक्यावर चार बोटं, पायाखाली वीत. पिवळा फ्रॉक छातीपाशी आला. आणि तेव्हापासनं मला ती द्यायची नाहीये. ती माझी आहे, तू माझ्यासाठी शिवलीस. लेकीला खरं सांगितलं तर ती तत्काळ म्हणेल, "मग तूच ठेव ना, आई." तिचं मन तसं मोठं आहे, तुझ्यावर गेलीय. म्हणून तर सांगणार नाही. जी मी सगळ्यांच्या देखत चिंध्या म्हणून झिडकारली, ती आता रडून मागून घ्यायला माझी जीभ रेटत नाही. जाऊ दे तिला. बाळाचे पाय उघडे पडायला नकोत.

एवढंच सांगायचं होतं, आणि एक बारीकसं. सकाळी घास भरून झाल्यावर लेक बाळाला घेऊन आत गेली, कोपरा शिवायला मी एकटीच उरले. तेव्हा बशीतल्या नानखटाईचा एक तुकडा मोडला आणि बाळाच्या घासामागं मीही माझा आत सारला. कुणी बघितलं नाही. मग दुहेरी गाठ न मारता दोरा ओवला आणि कोपरा शिवून टाकला. हाताला मेंदी नव्हती, आई.