रिकाम्या पोटी धावणारं इंजिन

ती. काकांना वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात.) काकूंचा गुडघा काय म्हणतो? घड्याळांचं दुकान बंद केल्यावर तुमचा वेळ कसा जातो हे विचारणार होतो, पण काकूंचं पत्र आलं आणि त्यांचा कसा जातो ते कळलं.

इकडे आमचं विजेचं इंजिन. अवकाशयानाला ढकलायला आगीचे लोट कशाला, पाऱ्याची वाफ करून तिचे कण विजेने मागे भिरकावले की यान पुढे सरकतं, असं साहेबांचं म्हणणं. जोर किती? तळहातावरच्या कागदाच्या वजनाइतका. (आईला सांगितलं, तर म्हणाली, "आणि याचा तुला पगार देतात?") पण तिथे अडवायला कोणी नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने ढकलत राहिलं की वेग येतो. हा जोर मोजायला आम्ही इंजिन हवा काढलेल्या टाकीत झोपाळ्यासारखं टांगलंय. जरा सरकलं की काटा हलतो. सोमवारी समिती येणार. जोर दिसला तर काम चालू, नाहीतर आम्ही सगळे घरी.

आणि आठ दिवस काटा असा हलत होता की विचारू नका! साहेब चक्क हसले. अहवाल तयार झाला, खाली माझी सही. काल टाकी उघडली, तर पाऱ्याची कुपी ठणठणीत कोरडी. रोज टाकीच्या काचेतून कुपी बघून वहीत खूण करायचं काम माझं आणि माझ्या जोडीदाराचं. मी त्याची खूण बघून खूण करत होतो, तो माझी बघून. म्हणजे इंजिन रिकाम्या पोटीच धावत होतं. ढकलत होती ती विजेची जाड तार. तापली की ताठ व्हायची आणि झोपाळ्याला ढुशी द्यायची. अहवाल पुन्हा काढून खालची माझी सही बघितली. पण तुमचा पुतण्या आहे, खोट्याखाली सही ठेवणार नाही. उद्या सकाळी साहेबांना सांगून मोकळा होतो.

तुमचा,
सरळमार्गी पुतण्या

ता. क. : सकाळी धीर झाला नाही. दुपारी गेलो, तर साहेब म्हणाले, "तुमचा जोडीदार नऊलाच सांगून गेला. तुमचं काय काम?" मी म्हटलं, तेच. साहेबांनी अहवाल फाडला. समितीकडून पंधरा दिवस मागून घेतलेत.

दुसरा ता. क. : आता जाड तारेऐवजी केसासारख्या तारेची गुंडाळी हवी, ढुशी न देणारी, तुम्ही मनगटी घड्याळात बसवायचात तशी. इथे कोणाला जमत नाही. काका येतील असं मी सांगून बसलोय. दुकान हात थरथरतात म्हणून बंद केलंत, हे काकूंनी लिहिलंय. तुम्ही मला बोलला नाहीत, याचं वाईट वाटलं. चिमटा मी धरेन. तुम्ही शेजारी बसा आणि चुकलो की ओरडा.