भेटीचे वजन, स्वरूप व नाजूकपणा याबाबत

प्रति,
मा. सहसंचालक (पुरस्कार व प्रवास),
भाषा व ग्रंथ कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला.
(डाव्या हाताला भेटवस्तू शाखा आहे. प्रस्तुत प्रकरण तिथेच घसरले.)

विषय : 'भेट' या शब्दाचा कार्यालयाने लावलेला अर्थ मागे घेऊन पुरस्काराचा परदेशप्रवास मंजूर करणेबाबत.

संदर्भ : १) माझा मूळ अर्ज. २) भेटवस्तू शाखेचे पत्र, 'वजन कळविणेबाबत'. ३) त्याच शाखेचे पत्र, 'वापरलेल्या वस्तूबाबत'. ४) आपल्या सहीचे पत्र, 'प्रवासाची आवश्यकता दिसून येत नाही'.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करते की, माझ्या 'हेटाळणी-कोश' या ग्रंथास आपल्या कार्यालयाने यंदाचा पुरस्कार दिला आहे. आपल्या भाषेत माणूस माणसाला लागेल असे जे जे बोलतो, ते अकारविल्हे लावण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. समारंभात आपण तो ग्रंथ हाती घेऊन, न उघडता, त्याचा मुक्तकंठाने गौरव केलात. उघडला असता तर कंठ इतका मुक्त राहिला नसता, असे मला वाटते. पुरस्कार म्हणून विजेत्याच्या पसंतीच्या एका देशाचा प्रवास देण्यात येतो व तो अभ्यासासाठी वा खाजगी कारणासाठी करता येतो, असे नियमात आहे. मी खाजगी कारण निवडले. माझ्या हातून झालेला पहिला प्रमाद तो.

२. ते कारण असे. वसतिगृहातली माझी एक मैत्रीण आहे. मुलींच्या शाळेत तिने जन्मभर कवायत शिकवली. तिला सगळे 'तोफ' म्हणतात. मैदानाच्या एका टोकाला तिने 'सावधान' म्हटले की दुसऱ्या टोकाच्या रस्त्यावरचे सायकलवाले पाय टेकत. कोशातली निम्मी सामग्री ग्रंथालयांतून आली. उरलेली निम्मी, म्हणजे जिवंत असलेली, तिच्या तोंडून आली. मी वही घेऊन बसायची आणि ती माझ्याकडे पाहून बोलायची. 'अवदसे', 'टवळे', 'भवाने' या नोंदींखालची उदाहरणवाक्ये मलाच उद्देशून उच्चारलेली आहेत, हे प्रस्तावनेत मी नमूद केलेले नाही. हल्ली ती परदेशी लेकीकडे राहते. तिच्या घशात दुखणे निघाले असून तिथले शल्यचिकित्सक पुढील महिन्यात तिचे स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. तत्पूर्वी तिला भेटावे, एवढाच या प्रवासाचा हेतू.

३. आपल्या छापील अर्जात 'प्रवासाचा उद्देश' असा रकाना असून त्याखाली बारीक अक्षरात 'क्रियापद टाळून, थोडक्यात' अशी सूचना आहे. ज्या भाषा कार्यालयाला क्रियापदाचे इतके वावडे आहे, तिथे क्रिया घडत नाही याचे नवल नाही. मी सूचना पाळली. 'जुन्या मैत्रिणीस भेट' असे लिहिले. आपल्या वरिष्ठ लिपिकांनी ते वाचून अर्ज थेट जिन्यापलीकडे भेटवस्तू शाखेकडे धाडला.

४. 'भेट' हे स्त्रीलिंगी नाम दोन अर्थांनी चालते. एक, माणसामाणसांची गाठ पडणे, दुसरा, नजराणा. कोणता अर्थ घ्यावयाचा हे संदर्भावरून ठरते, आणि संदर्भ समजण्यासाठी वाक्य शेवटपर्यंत वाचावे लागते. 'मैत्रिणीची भेट' असे का लिहिले नाही, असे मला मागाहून विचारण्यात आले. तसे लिहिते तर मैत्रिणीकडून भेट स्वीकारल्याबद्दल माझे प्रकरण दक्षता शाखेकडे गेले असते, असे त्याच लिपिकांनी मला आपुलकीने सांगितले. ते पुढे म्हणाले, "बाई, तुम्ही आधी भेट काय द्यायची ते ठरवा. साडी द्या, घड्याळ द्या. मग प्रवासाचं आपण बघू की." मी म्हटले, भेट म्हणजे मीच जाणार आहे. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "मग तसं लिहून द्या."

५. मी तसे लिहून दिले. इथे मला माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे नोंदवले पाहिजे. तो न्यायालयात कारकून होता व कागदांना ओळखतो. तो म्हणाला, "ताई, सरकारी कागदावर विनोद करू नकोस. ते खरं धरतात." मी ऐकले नाही. भेटवस्तू शाखेचा नमुना मी पुढीलप्रमाणे भरला. वस्तूचे नाव : अर्जदार स्वतः. नग : एक. वजन : घरच्या काट्याप्रमाणे. (ते आकड्यात लिहिले आहे. बाईमाणसाचे वजन शिक्क्यानिशी मागणारे कार्यालय मी प्रथमच पाहिले.) स्थिती : जुनी, परंतु चालू. किंमत : जाणकारांत मतभेद. नाशवंत आहे काय : होय, सर्वांप्रमाणे. नमुना घेताना शाखेच्या अधीक्षक बाई अत्यंत सौजन्याने वागल्या. "मॅडम, 'नाजूक'वर खूण राहिली तुमची. नाजूक असेल तर सांगा, वेगळं वेष्टन लागतं. नंतर फुटलं-बिटलं तर आमच्या गळ्यात नको." मी खूण केली नाही. आता करावीशी वाटते.

६. भावाचे भाकीत शब्दशः खरे ठरले. संदर्भ ३ अन्वये मला कळविण्यात आले की, 'सदर वस्तू वापरलेली असल्याने भेट म्हणून पाठविता येत नाही. नवीन वस्तू सादर करावी.' यावर माझे नम्र उत्तर असे की, सदर वस्तूचे उत्पादन फार पूर्वी बंद झाले असून तिचे निर्माते हयात नाहीत. बाजारात नवीन मिळतात त्या दिसायला बऱ्या असतात, पण त्यांतल्या एकीलाही तोफेने वसतिगृहाच्या गच्चीवर रडताना पाहिलेले नाही. त्यामुळे बदली माल तिला चालणार नाही.

७. तदनंतर आपल्या सहीचे पत्र आले. 'भेट टपालाने पाठविता येण्याजोगी असल्याने अर्जदाराने तिच्यासोबत जाण्याची आवश्यकता दिसून येत नाही. सबब प्रवासखर्चाऐवजी टपालखर्च मंजूर करण्यात येत आहे.' महोदय, तर्कशास्त्राचे ग्रंथ मी बरेच वाचले आहेत. मनुष्याला त्याच्या स्वतःपासून इतक्या सफाईने वेगळे काढण्याची किमया मोठमोठ्या तत्त्वज्ञांना साधलेली नाही. त्यांनी त्यासाठी अरण्ये गाठली. आपण एका सबबीत ते केलेत. तथापि टपाल कार्यालयात मी खरोखर चौकशी केली. खिडकीवरच्या गृहस्थांनी मला आपादमस्तक न्याहाळले व विचारले, "आजी, घरचं कुणी आहे का सोबत?" हा प्रश्न मला नव्हे, आपल्याला विचारायला हवा होता.

८. शब्दाचा अर्थ जर कार्यालयाने कायमचाच ठरवला असेल, तर तो सर्वत्र सारखा लागू व्हावा, ही शास्त्रशुद्ध अपेक्षा आहे. आपल्या दालनाच्या दारावर पितळी पाटी आहे : 'भेटीची वेळ : तीन ते पाच'. भेटवस्तू शाखेच्या व्याख्येप्रमाणे ही पाटी वाचली असता दक्षता शाखेला तिच्यात बराच रस वाटेल. दारापाशी रिकाम्या हाताने बसलेली मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना पाटीचा अर्थ अद्याप समजलेला नसावा, किंवा फार पूर्वीच समजला असावा.

९. हे सर्व मी तोफेला फोनवर सांगितले. तिचा आवाज आता डबा घासल्यासारखा येतो. तो जसाच्या तसा उतरवते, कारण अवतरण अचूक असावे हा माझा धंदा आहे. "वाळवे, माझा गळा कापायला इथले लोक तारीख देतात आणि तुला यायला तिथले लोक तारीख देत नाहीत? कोण गं तो तुझा साहेब?" मी आपले वर्णन केले, संदर्भ ४ वाचून दाखवला. 'सबब' या शब्दाला ती इतकी हसली की खोकला आवरेना, आणि लेकीने फोन काढून घेऊ नये म्हणून ती खोकत खोकतच म्हणाली, "थांब, थांब. एक शब्द सुचलाय त्याला. नवा आहे, तुझ्या कोशात नाही. काय फिट्ट बसलाय! पण फोनवर सांगणार नाही. लेक शेजारी आहे, आणि ऐकताना तुझं तोंड कसं होतं ते मला बघायचंय. ये लवकर, मेले. नंतर पाटीवर लिहून द्याव्या लागतील शिव्या, आणि लिहिलेली शिवी म्हणजे गार झालेला चहा."

१०. महोदय, या शेवटच्या वाक्याने माझ्या साऱ्या ग्रंथाचे, आणि पर्यायाने आपल्या पुरस्काराचे, परीक्षण झाले आहे. आपण ज्याचा गौरव केलात तो सबंध कोश म्हणजे गार झालेला चहा आहे. त्याचे आधण अद्याप एका घशात उकळते आहे व पुढील महिन्यात ते बंद होईल. मला लोक 'बाई' म्हणतात, 'मॅडम' म्हणतात, परवापासून 'आजी'ही म्हणू लागले. पुस्तके खाते म्हणून मला 'वाळवी' म्हणणारे तोंड या भूतलावर एकच उरले आहे. ते मला एकदा समोरून ऐकायचे आहे. यापलीकडे या अर्जात काही नाही; वरील सर्व परिच्छेद केवळ रागापोटी आहेत.

११. सबब (हा शब्द आता मलाही आवडू लागला आहे) नम्र विनंती की,

अ) मूळ अर्जातील 'भेट' हा शब्द 'गाठ' असा वाचण्यात यावा. 'गाठ' म्हणजे शरीरातील गाठ असे समजून प्रकरण आरोग्य शाखेकडे पाठवू नये. त्या शाखेचे काम तोफेच्या डॉक्टरांनी आधीच हाती घेतले आहे.

आ) प्रवासाची मंजुरी शस्त्रक्रियेपूर्वी पोहोचण्याइतक्या अवकाशात द्यावी. नंतर दिलेली मंजुरी हीदेखील वापरलेली वस्तू ठरेल व मी ती स्वीकारणार नाही.

इ) आपल्याविषयीचा तो नवा शब्द कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत येईल, या शंकेने अर्ज नामंजूर होत असल्यास कारणाच्या रकान्यात तसे प्रामाणिकपणे, क्रियापद टाळून, लिहावे. 'भीती' हे नाम पुरेसे आहे. मात्र मी गेले नाही तर तो शब्द तोफेबरोबर मुका होईल, आणि आपल्याला जन्मात एकदा जो शब्द फिट्ट बसला तो आपल्यालाही कधी कळणार नाही. विद्याव्यासंगी माणसाने इतके नुकसान सोसू नये.

आपली नम्र
(कोशात पाहावे, दुसरा अर्थ),

(सही)
संपादिका, हेटाळणी-कोश

दिनांक : आवक शिक्क्यावरील धरावा. माझ्या शब्दांवर कार्यालयाचा विश्वास नाही, निदान स्वतःच्या शाईवर असावा.

सोबत :
१. संदर्भातील पत्रांच्या प्रती.
२. शल्यचिकित्सकांचे पत्र, तोफेच्या लेकीने पाठवलेले.
३. भेटवस्तू शाखेचा नमुना, 'नाजूक' या रकान्यात आता खूण करून.
४. भेट, नग एक. टाचणीने जोडता आली नाही. आपल्या दारापाशी बाकावर बसली आहे. पाटीप्रमाणे पाचपर्यंत थांबेल. उद्याही तीनला येईल.