दुर्दैवाने, काळजी थांबले आहे

सोमवार, ५ फेब्रुवारी

आत्याचा फोन परत मेला. दुपारभर दादा लावत होता, लागत नव्हता. संध्याकाळी त्याने मलाच झापलं – जसा काही फोन मी गिळून बसले होते!

त्याचं म्हणणं, फोनला काही झालेलं नाही, आत्यालाच तो झेपत नाही. भलतंच काहीतरी दाबते आणि विसरून जाते. उद्या पडली-झडली तर कळणार कसं? महिनाअखेरीला तिला आपल्या घरी नेणार, तिची खोली सोडून द्यायची, विषय संपला. मी म्हटलं, वहिनी शाळेत शिकवायला जाते, तू ऑफिसात, मग दिवसभर तिच्याजवळ कोण? तर म्हणे, "ते मी बघतो." हा काय बघणार! याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

आत्याला सांगितलं तेव्हा ती उठून खिडकीशी गेली. खिडकीतल्या कुंड्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्म काढलेली बाई. अख्ख्या गावाचे फोन हिने जोडून दिले आणि हिला एक फोन उचलता येत नाही म्हणे. माझं डोकंच फिरलं. दादाला म्हटलं, दोष फोनचा निघाला तर ती इथेच राहणार. म्हणाला, पुरावा दाखव. दाखवते की! रक्त आणि लघवी तपासून मी पोट भरते, तिथे फोन काय चीज आहे.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आत्याची जबानी घेतली. फोन आधी तापतो, मग अडकतो, मग पाटी येते – ‘सिस्टीम प्रतिसाद देत नाही.’ खाली दोन बटणं, ‘थांबा’ आणि ‘बंद करा’. आत्याने ‘थांबा’ दाबलं आणि थांबली. म्हणजे खरंच थांबली, फोन मांडीवर घेऊन, जेवण गार होईपर्यंत. का गं, विचारलं तर म्हणते, एक्सचेंजमध्ये आम्ही लोकांना थांबा म्हणायचो तेव्हा लोक थांबायचे.

‘बंद करा’ दाबलं की फोन पूर्णच काळा होतो आणि मग त्याच्या मनात येईल तेव्हा उठतो. आणखी काही पाट्या येतात का, विचारलं. चूक दाखवणारी एवढी एकच, म्हणाली. बाकी मग आपले सुविचार वगैरे.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

फोन गच्च भरलाय. शुभ सकाळवाली फुलं, शुभ रात्रीवाले चंद्र आणि लोकांची बाळं. एकेक पुसायला घेतलं तर प्रत्येक बाळापाशी आत्या हात धरते. हे राहू दे, गोड आहे. कोणाचं आहे? ते नाही माहीत.

सिम काढून पुसलं. चार्जर बदलला. मागचं जाड कव्हर काढून टाकलं. आमच्या लॅबमधल्या मॅडमनी हे बघितलं असतं तर सोलून काढलं असतं मला. त्यांचा नियम पक्का – एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. पण आज माझा धीरच सुटला होता.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

गुण कशानेच आला नाही. दुपारी परत बंद.

शनिवार, १० फेब्रुवारी

आत्याला घेऊन मोबाईलच्या दुकानात. तो मनुष्य फोन न उघडताच मान हलवायला लागला. हा आता जाऊ द्या, नवीन घ्या. अहो, पण झालंय काय त्याला? वय झालंय, म्हणे. आत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे असं काही बघितलं की बिचारा गडबडीने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

वय झालंय हे काय निदान झालं? असं लिहून रिपोर्ट दिला तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. गंमत म्हणजे आज दिवसभर फोन ठणठणीत होता.

रविवार, ११ फेब्रुवारी

सकाळपासून आत्याकडेच. मी त्या फोनचा मुद्दाम छळ केला. गाणी, व्हिडिओ, टॉर्च, कॅमेरा, सगळं एकाच वेळी चालू. ढिम्म! काल नाही, आज नाही. याला काय शनिवार-रविवार सुट्टी असते?

मग एकदम सुचलं आणि आत्याला नीट विचारलं, बंद पडतो तो नेमका कधी. डोळे मिटून तिने आठवलं. कामाच्या दिवशीच. सकाळची कामं आटोपली की सुरू होतं आणि संध्याकाळी लोक घरी परतायला लागले की थांबतं. म्हणजे ऑफिसची वेळ! मला इतकी मजा वाटली की चहा तसाच राहिला. ताप ठरावीक वेळीच चढत असेल तर आम्ही लॅबवाले लगेच कान टवकारतो.

त्या वेळी तू काय करतेस? रेडिओ ऐकते. खाली काय चालू असतं? सायकलवाल्याचा हवा भरायचा पंप. जिन्यावर चढून-उतरून पंपाचासुद्धा विचार करून झाला. शेवटी ठरवलं, उद्या अदलाबदल. माझा फोन आत्याकडे, तिचा माझ्याबरोबर लॅबमध्ये. माझ्या हातात बंद पडला तर दोष फोनचा. नाही पडला तर दादा म्हणतो ते खरं, आणि आत्याला सामान बांधायचं.

सोमवार, १२ फेब्रुवारी

काय दिवस होता!

आत्याचा फोन मायक्रोस्कोपच्या शेजारी उताणा ठेवला. सकाळभर शहाण्या मुलासारखा पडून. मनातल्या मनात म्हणतेय, पड रे बाबा, बंद पड. इतक्या मनापासून मी कधी कोणाचं वाईट चिंतलं नसेल. मग हात लावला तर गरम. आणि पडद्यावर पाटी आली –

‘दुर्दैवाने, काळजी थांबले आहे.’

खाली बटण, ‘ठीक आहे’. मी परत वाचलं. कोणाची काळजी? आणि थांबली ते दुर्दैवाने कसं? तेवढ्यात फोन गोठला आणि काळा झाला. मी खुर्चीतून उडीच मारली. माझ्या हातात बंद पडला! सुटली आत्या! मॅडमनी नुसत्या भुवया उंचावल्या.

त्यानंतर लगेच लॅबचा फोन वाजला. दादा. "आत्याला काय झालंय? लॅबमध्ये कशाला आणलंयस तिला? मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "आत्या घरी आहे. पण ती इथे आहे, असं तुला कोणी सांगितलं?"

पलीकडे नुसतं खाकरणं. मग म्हणाला, नंतर बोलू.

फोन पुन्हा चालू झाल्यावर सेटिंग्जमध्ये घुसले. सापडलं! ‘काळजी’ नावाचं अ‍ॅप. बाहेर त्याचं चित्र नाही, काही नाही, आत लपून बसलेलं. ज्याच्या फोनमध्ये ते असतं तो माणूस कुठे आहे हे दुसऱ्याला घरबसल्या दिसतं. मागे एकदा दादाने ‘फोन जरा नीट करून देतो’ म्हणून नेला होता, तेव्हाच घातलं असणार. त्याने तिकडून बघितलं की हा जुना फोन इकडे धावत सुटतो, आणि दम लागला की आडवा. म्हणजे फोन हाच पाडायचा आणि उचलला नाही म्हणून बोल आत्याला लावायचा! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

संध्याकाळी आत्याला पाटी सांगितली. "ती होय? ती तर नेहमी येते. तो सुविचार आहे ना?" म्हणाली. तिने अर्थही लावून ठेवला होता – कितीही दुर्दैव ओढवलं तरी काळजी करणं थांबवा. फक्त ‘थांबले’ चुकलंय, ‘थांबली’ हवं, पण भावना चांगली आहे म्हणून ती दर वेळी समाधानाने ‘ठीक आहे’ दाबायची. आम्ही दोघी इतक्या हसलो की खालून सायकलवाल्याने वर बघितलं.

मग हसू ओसरलं आणि तिने हळूच विचारलं, "तो ऐकत पण होता का गं?" एक्सचेंजमध्ये लोकांचं बोलणं चोरून ऐकणं यासारखं दुसरं पाप नव्हतं. मी म्हटलं, नाही, फक्त तू कुठे आहेस ते दिसतं. "मी कुठे असणार? इथेच असते," म्हणाली.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

काढून टाकण्याआधी एक प्रयोग केला. कुतूहल स्वस्थ बसू देईना. अर्धी रजा टाकली, तेच अ‍ॅप माझ्या फोनवर घेतलं, आत्याचा फोन जोडला आणि बघितलं. नकाशावर एक निळा ठिपका, आत्याच्या घरावर. बस, एवढंच! फोनला काही झालं नाही. थोड्या वेळाने परत बघितलं. तरी काही नाही. शेवटी हट्टाला पेटले आणि एकसारखी बघत बसले. बंद कर, उघड, बंद कर, उघड. बोट दुखायला लागलं तेव्हा कुठे तो तापला आणि पाटी आली.

मग अ‍ॅप काढलं. आज फक्त एवढी एकच गोष्ट बदलली, मॅडमची शपथ.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

काल नाही, आज नाही. भर ऑफिसच्या वेळेत फोन टुणटुणीत. आत्या पहिल्याच रिंगला उचलून ‘बोला’ म्हणते, थेट एक्सचेंजमधल्यासारखं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

दादा आला. मी तयारीतच होते, कंबर कसून. पाटी, अ‍ॅप, लॅबमधला फोन, सगळं एका दमात ऐकवलं. चोरून पाळत ठेवायला ती काय गुन्हेगार आहे का, तेही विचारलं. वाटलं होतं आता जुंपणार. पण त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, राहू दे तिला इथेच. इतक्या सहज? मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. भांडायची उरलेली तयारी वायाच गेली.

आत्या मात्र खूश. कुंड्या परत जागच्या जागी.

दिवसातून किती वेळा बघायचास, विचारलं. एखाद-दुसऱ्या वेळी, म्हणाला. साफ खोटं! एखाद-दुसऱ्या वेळेने तो फोन मरत नाही, मी करून बघितलंय. पण आत्यासमोर ताणलं नाही. जिन्यात बूट घालताना तो हसत म्हणाला, "काढून टाकलंस, आता दिवसभर मी काय करू?" म्हटलं, ऑफिसचं काम कर. त्यावरही हसला, पण जरा उशिरा.

आत्या राहिली, पैज जिंकले, तरी कुठेतरी पाणी मुरतंय. साहेब झालेल्या माणसाला दिवसभर तो ठिपका बघायला वेळ मिळतो कुठून?

सोमवार, १९ फेब्रुवारी

सहज म्हणून दादाच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, त्यांना नोकरी सोडून बरेच महिने झाले. वहिनीला विचारलं, दादा कुठे? "कुठे म्हणजे? ऑफिसला. आत्ताच डबा घेऊन गेले."

तिला काही बोलले नाही. तशीच आत्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिने तिथल्या तिथे त्याला फोन लावला. ना रागावली, ना नोकरीचं विचारलं.

"बाळ्या, कुठे बसलायस आत्ता? डबा घेऊन इकडे ये. रोज येत जा."