जुन्या कॅबिनेटच्या मापाने

प्रिय दादा,

तुझं शेवटचं पार्सलही पोचलं. ग्राफिक्स कार्ड. खोक्यावर ज्वाळांतून उडी मारणारा कुणी चिलखतवाला आहे. आईने पडल्या पडल्या तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, दादाने मिक्सर पाठवलाय का. मी हो म्हटलं. समजावत बसायचा कंटाळा आला होता. तिने मिक्सर म्हणूनही तुझं कौतुक केलंच.

कौतुक मीही करते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. निवड चोख आहे तुझी. खेळायचा कॉम्प्युटर स्वस्तात जमवायचा तर कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आखडायचा, हे तुला शाळेत असल्यापासून कळतं. प्रोसेसर मागच्या पिढीचा घेतलास, पण मदरबोर्डावर नेमका बसणारा. रॅम एक मोठी न घेता दोन लहान, जोडीने जास्त पळतात म्हणून. पॉवर सप्लायमध्ये मात्र चिकटपणा केला नाहीस. तो भिकार निघाला तर मरताना बाकीच्यांना घेऊन मरतो, हे तुझंच वाक्य. वाचले ते सगळे पैसे कार्डात ओतलेस. आणि वर निरोप, की कॅबिनेट विकत घेऊ नकोस, आपला जुना लोखंडी डबा आहेच, त्यात सगळं आरामात बसतं, मापं माझ्या डोक्यात आहेत.

मापं तुझ्या डोक्यात आहेत, दादा. घरात नाहीत.

तो डबा मलाही आठवतो. खिडकीखालचा कोपरा अडवून बसलेला, एका बाजूचं झाकण कायमचं काढलेलं. तू आत हात घालून काहीतरी करायचास आणि स्क्रू हमखास बोर्डामागे पडायचा. मग मला हाक. माझी बोटं बारीक, म्हणून मी चिमटी. स्क्रू काढून दिला की बक्षीस म्हणून तुझ्याबरोबर खेळायला मिळायचं, एकाच कीबोर्डवर दोघं. चांगली बटणं तुझी, अडकणारी माझी. तरी मी खूश असायचे. तू दमलास की सगळा कीबोर्ड मिळायचा, आणि तू मागे बसून मला डावीकडे वळ, उजवीकडे वळ असं ओरडत राहायचास. तेव्हा माझ्या जगात तुझ्याइतकं हुशार कुणी नव्हतं.

तो कोपरा आता आईच्या पलंगाचा आहे. डोकं वर उचलता येणारा तो पलंग आला तेव्हा दारातूनच आत येईना, शेवटी दार बिजागरीतून काढलं. डबा त्याच दिवशी भंगारात गेला. मी तुला फोनवर सगळं सांगितलं होतं. तुझ्या मागे खेळातला गोळीबार चालू होता. तू म्हणालास, हं, हं, देऊन टाक. घरात सध्या आहे तो ऑफिसने दिलेला चपटा डबा, ज्यावर मी ट्रान्सपोर्टची बिलं करते. तुझा बोर्ड त्यात मावत नाही आणि कार्ड चार बोटं बाहेर येतं.

हे एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मागच्या वाढदिवसाला तू आईला न घसरणाऱ्या चपला पाठवल्यास. तिने त्या उशाशी ठेवल्यात. त्यांच्या तळव्यांना अजून धूळ लागलेली नाही, कारण अर्धांगाचा झटका आल्यापासून ती उभी राहिलेली नाही, आणि हे तुला ठाऊक आहे. ठाऊक आहे, पण शिरत नाही. परवा म्हणालास, आईला म्हणावं संध्याकाळी गच्चीत फेऱ्या मार. फोन स्पीकरवर होता. ती हो रे, मारते म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. तू सोडून गेलास ते घर तुझ्यापुरतं तिथेच थांबलंय, आणि तू त्याच्याच मापाने वस्तू पाठवत राहतोस.

ऑफिसने मला दुसऱ्या शहरातल्या शाखेचं काम पुन्हा देऊ केलंय, हेही सांगून झालं. मागच्या वेळी मी नाही म्हटलं, कारण आईला दिवसातून कितीदा तरी कुशीवर वळवावं लागतं आणि तू म्हणालास, बघू, पुढच्या वर्षी काहीतरी करू. पुढचं वर्ष आलं. मी विचारलं, आता काय करायचं? त्यावर तू हा कॉम्प्युटर पाठवायला घेतलास. म्हणजे रविवारी आपण दोघं आपापल्या घरून पूर्वीसारखं खेळू आणि चिमटीला एकटं वाटणार नाही. राग आला दादा, असा आला की पहिलं खोकं मी आठवडाभर उघडलंच नाही. मी तुझ्याकडे सुटका मागितली होती, करमणूक नव्हे.

मग उघडलं. बाजारात जाऊन ऐसपैस कॅबिनेट आणलं, आईच्या पायांशी बसून सगळं जोडलं. स्क्रू पडला, माझा मीच काढला. पहिल्याच बटणाला कॉम्प्युटर चालू झाला. आई म्हणाली, मिक्सरला टीव्ही कशाला जोडलास? त्या दिवशी दोघी खूप हसलो.

आता हे पत्र का, तर फोनवर तू बघू म्हणशील आणि मी पुन्हा गप्प बसेन म्हणून. कॉम्प्युटर ठेवायला खोलीत जागा नव्हती. एकच वस्तू निघण्यासारखी होती, माझी खाट. ती काढली, तिथे टेबल बरोब्बर बसलं. तुझं काम कुठूनही करता येतं, हे तूच चारचौघांत अभिमानाने सांगतोस, तर इथूनही येईल. मी शाखेला होकार कळवलाय आणि महिनाअखेरीला निघतेय. आंघोळ घालायला बाई सकाळी येतात, त्या येत राहतील. बाकीचं तुझं. त्याआधी चार दिवस ये, वळवायचं कसं ते दाखवते. ते जमतं, फक्त घाई करायची नाही. तू निवडलेलं सगळं टेबलावर मांडून ठेवलंय. फक्त सोबत पाठवलेले ते भारी हेडफोन मी घेऊन चाललेय. ते घालून पाहिले मी. बाहेरचं खरंच काही ऐकू येत नाही. आईचा आवाज आता फार बारीक झालाय, आणि त्या टेबलाशी बसणाऱ्याला तो ऐकू यायला हवा.

तुझीच,
चिमटी